अंगणवाडी सेविकांनो, सरकारी ट्रेनिंगचं असं बघा

नवीन लागलेल्या ताया विचारतात ट्रेनिंगला पैसे भरायचे का, तर नाही हो, 'पोषण भी पढाई भी' हे पोषणाबरोबर लहान मुलांना शिकवायचं कसं याचं केंद्र सरकारचं ट्रेनिंग आहे, मे 2023 मध्ये सुरू झालं, त्याची फी नसते. कोणी फी मागितली तर आधी पर्यवेक्षिका मॅडमना फोन करा.

ट्रेनिंग तीन दिवसांचं असतं, तुमच्याच पर्यवेक्षिका आधी मास्टर ट्रेनर म्हणून शिकून येतात आणि मग आपल्याला शिकवतात, म्हणून यादीत नाव आहे का ते त्यांनाच विचारा, नसेल तर प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही!

जायच्या आधी दोन पुस्तकं चाळा. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत 'नवचेतना', तीन ते सहासाठी 'आधारशिला'. नवचेतना कंटाळवाणं समजून सोडू नका, घरभेटीला तेच कामाला येतं, आईला बाळाशी बोलायला, खेळायला कसं लावायचं ते सगळं त्यात आहे. दिव्यांग मुलं लवकर कशी ओळखायची तेही नीट ऐका, तिथे लाजू नका, प्रश्न विचारा.

बाकी 2020 च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांना बालशिक्षणाचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आणि कमी शिक्षण असलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा असं लिहिलंय, तेही मोबाईल किंवा टीव्हीवरून, नोकरी न सोडता. म्हणून मार्कशीट आणि नेमणुकीचं पत्र आत्ताच स्कॅन करून ठेवा.