डॅफ्निया दिसले नाहीत म्हणजे खाल्ले गेले असं नव्हे

पुण्यात तळ्यांवर एमएस्सीचं प्रोजेक्ट म्हटलं की सकाळी अकराला पाषाणच्या काठावर जाळं फिरवायचं आणि डॅफ्निया, म्हणजे जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवा, कमी भरले की 'गंबुसियाने (डासांच्या अळ्या खाणाऱ्या परक्या माशाने) फस्त केले' लिहून मोकळं व्हायचं. कृपा करून हे करू नका. व्हायवात पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

भक्ष्य पळतंही, आणि पळणं महाग पडतं. मिशिगन सरोवरात 1980च्या दशकात बायथोट्रेफिस ही परकी काटेरी पाणपिसू शिरली. ती नजरेने शिकार करते. पाण्यात तिचा वास आला की डॅफ्निया दिवसा खोल, अंधाऱ्या, थंड थरात उतरतात. त्यांची अंडी 20 अंश सेल्सिअसला साधारण पावणेतीन दिवसांत तयार होतात, 10 अंशांना आठ दिवस घेतात. म्हणजे एकही डॅफ्निया न मरता पुढची पिढी रोडावते. काही जातींत तर हा फटका प्रत्यक्ष शिकारीहून मोठा निघाला.

म्हणून नमुने दुपारी आणि मध्यरात्री, एकाच जागी घ्या. 30 सेंटिमीटर तोंडाचं जाळं 10 मीटर उभं ओढलं की सुमारे 700 लिटर पाणी गाळलं जातं. शेवाळाने जाळी तुंबली तर मात्र तो आकडा विसरा. उभ्या ओढीतून कोण किती खोल होतं ते कळत नाही, त्यासाठी खोलीवार नमुने हवेतच. सोबत दर मीटरला तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजा. सांडपाणी येणाऱ्या उथळ तळ्यात तळाशी ऑक्सिजनच नसेल, तर खाली पळायची वाटच बंद. मिशिगनचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा चिकटवू नका.

'रात्रीचं कशाला?' म्हणणाऱ्या गाईडशी वाद घालू नका, तापमानाचा आलेख पुढे ठेवा. बहुतेक ऐकतात.

नमुना 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, लिटरला 40 ग्रॅम साखर घालून ठेवा. नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये डॅफ्निया फुगतात, अंडी बाहेर सांडतात, आणि जन्मदर काढायचा कशावरून?

प्रयोगशाळेत तीन प्रकारच्या टाक्या लागतात: मासा नसलेली, जाळीच्या पिंजऱ्यात मासा असलेली (नुसता वास, शिकार नाही), मोकळा मासा असलेली. बीकरवर भागवू नका, त्यात खाली जायला जागाच नसते. आणि पिंजऱ्यातला मासा विष्ठाही टाकतो! तिच्यावर शेवाळ फोफावतं, डॅफ्नियांना जादा खाद्य मिळतं आणि भीतीचा परिणाम झाकला जातो. सगळ्या टाक्यांत शेवाळ मुबलक, मोजून घाला, म्हणजे हा घोळ बराच आवरतो.

प्रयोग संपल्यावर उरलेले गंबुसिया तळ्यात सोडू नका. जाळं दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी कडक उन्हात खडखडीत वाळवा.