तूर निघाल्यावर मालवणला राहायला जाणाऱ्यांसाठी

तूर काढून झाली, कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भातल्या आर्णीकडच्या आमच्या वावरात फारसं काम उरत नाही. लेक मालवण तालुक्यात नर्स आहे, म्हणून मी संक्रांत झाली की तिकडं जाते आणि पाडव्याच्या सुमारास परतते. गावातल्या बायका विचारतात, आम्ही गेलो तर कसं राहायचं? त्यांच्यासाठी हे सांगते.

नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असली तर बडनेऱ्याहून थेट कुडाळला उतरता येतं. तिथून मालवणला एसटी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना टाळा, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात. महिनाभर राहायचं असेल तर हॉटेल घेऊ नका. वाडीतल्या किराणा दुकानात विचारा, कुणाची तरी मागची खोली भाड्यानं मिळते. भाड्याच्याही आधी प्यायच्या पाण्याची विहीर कोणती ते विचारा. मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी एखाद्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं.

कुलरचा विचार सोडा. आपल्या इकडं हवा कोरडी असते, म्हणून कुलरमधलं पाणी उडून खोली गार होते. तिथं हवाच ओली, कुलरनं उलट जास्त चिकचिक होते. पारा आपल्यापेक्षा पुष्कळ खाली असतो, पण घाम वाळत नाही. सुती कपडे, पंखा, दोन वेळा आंघोळ, एवढंच. दुपारी बाजारातली बरीच दुकानं बंद असतात, लोक जेवून आडवे होतात. तुम्हीही तेच करा. पापड-कुरडया नेल्या तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दोन दिवसांत सादळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथला दिवस भरती-ओहोटीवर चालतो. दिवसात साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. आज सकाळी आठला भरती असेल तर उद्या पावणेनऊ धरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तिचा जोर कमी. आपण कास्तकार माणसं, तिथी-नक्षत्र बघायची सवय आहेच, ती तिथं फार कामी येते. सकाळी चहाच्या वेळीच शेजारी विचारून ठेवायचं, "आज सुकती केव्हा?" सुकती म्हणजे ओहोटी. चालायला जाणं, तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या काढायला जाणं, सगळं त्यावर ठरवायचं.

पोरं बरोबर असतील तर हे नीट ऐका. पैनगंगेत, विहिरीत पोहणाऱ्याला वाटतं आपल्याला पाणी कळतं. समुद्राचं तसं नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधेच एक पट्टा गडद, शांत दिसतो, तिथं बहुतेक वेळा पाणी आत ओढत असतं. त्यात सापडलात तर सरळ काठाकडं झगडू नका, दम संपतो. काठाला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मग काठ गाठा. कर्ली समुद्राला मिळते तिथं तर पोरांना पाण्यात उतरूच देऊ नका. मला याची खरंच धास्ती वाटते, म्हणून दर वेळी सांगते.

रापण चालू दिसली तर थांबा. होडीनं जाळं अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरून माणसं ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. "काका, हात लावू का?" असं विचारून दोर धरा, चपला बाजूला काढा, जाळ्यावर पाय देऊ नका. ओळख होते ती अशी. आमच्या सोंगणीला कुणी न बोलावता विळा घेऊन आलं तर आपल्याला तो माणूस जवळचा वाटतोच ना!

मासळी होड्या लागतात तेव्हाच घ्या. डोळा चमकदार, गलफडं लाल, बोटानं दाबलं की मांस परत वर यायला हवं. सुरमई महाग पडते. रोजच्याला बांगडा, पेडवे पुष्कळ. कोळणीला मावशी म्हणा, भाव करा, पण रडवू नका. तिरफळ हा तिकडचा मसाला घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि वर सोलकढी, हे तर्री खाणाऱ्या पोटालाही मानवतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज घ्या. ज्वारीचं पीठ थोडं न्या, तिकडं भाकर तांदळाची नाहीतर नाचणीची. घरची तूरडाळ मात्र भरपूर न्या, शेजाऱ्यांना वाटायला. सोमवारी बऱ्याच घरांत मासळी शिजत नाही, त्या दिवशी तीच डाळ लागते.

आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा बहुधा याच दिवसांत येते. तारीख कौल घेऊन ठरते, म्हणून तिकीट काढायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा. रात्री दशावताराचं नाटक असलं तर चटई घेऊन जा, ते रंगतं उत्तररात्री.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. आपल्यालाही तोवर पेरणीसाठी घरी यायचंच असतं. येताना सुके बांगडे, जवळा घ्या. कागदात गुंडाळून वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या, आणि ते डब्यात. नाहीतर कुडाळपासून बडनेऱ्यापर्यंत गाडीच्या अख्ख्या डब्याला वास. घरी आलं की आपल्या उन्हात एक दिवस पुन्हा वाळवा आणि कोरड्या बरणीत भरा.