इंग्रजी विशेषणं निवडताना या चुका टाळा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अर्जांत आणि निबंधांत सगळ्यात जास्त लाल शाई विशेषणांवर जाते. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, शब्द मात्र भलताच. कारण एकच. मोबाइलवर समानार्थी शब्दांची यादी उघडायची आणि त्यातला भारदस्त दिसणारा उचलायचा. पीटर मार्क रोझे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये आपला थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, प्रसिद्ध केला. त्यात शब्द कल्पनेनुसार एकत्र मांडले होते, अर्थ दिलेच नव्हते. ओळखीचा पण ऐन वेळी न आठवणारा शब्द शोधायला अशी यादी उत्तम. अनोळखी शब्द तिच्यातून उचलू नका.

माझ्या एका विद्यार्थिनीने बालवाडीतल्या नोकरीसाठी अर्ज लिहिला आणि घाईघाईत, मला न दाखवताच पाठवला. त्यात वाक्य होतं, ‘आय हॅव अ चाइल्डिश नेचर.’ तिला सांगायचं होतं की माझ्यात मुलांसारखी निरागसता आहे. त्यासाठी शब्द आहे चाइल्डलाइक. चाइल्डिश म्हणजे बालिश. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच वाक्यावर आला. काय चुकलं तेच तिला कळेना, ती गांगरली आणि पुढची उत्तरंही बिघडली. नोकरी गेली. मुलांना गोष्ट सांगताना मी तिला पाहिलंय, म्हणून मला ते अजून लागतं. मराठीत ‘बालिश’ आणि ‘बालसुलभ’ यांत तिने कधीच गल्लत केली नसती.

तेव्हापासून मी नवं विशेषण घेताना आधी बघते, यात कौतुक आहे की टीका. मग लर्नर्स डिक्शनरीतली, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातली, निदान तीन उदाहरणवाक्यं वाचते आणि विशेषण वहीत नामासकट उतरवते: हेवी रेन, स्ट्रॉंग टी. आपणही माणूस म्हातारा, वाडा जुना आणि भाकरी शिळी म्हणतोच की. इंग्रजीत पहिल्या दोघांना ओल्ड चालतं, भाकरीला स्टेलच लागतं. ‘रोज दहा विशेषणं पाठ करा’ असल्या तक्त्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आठवड्याला दोन शिका, पण वाक्यात शिका.

नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध. आपल्या कॉलेजला ते लावू नका.

कंटाळा आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’. बोअरिंग म्हटलंत तर कंटाळवाणे तुम्ही ठरता.

माणूस, झाड, मनोरा टॉल. डोंगर हाय, म्हणून १,६४६ मीटरचं कळसूबाईही हायच.

इतिहासात महत्त्वाचा ठरलेला शिवनेरी हिस्टॉरिक, शिवकाळावरची कादंबरी हिस्टॉरिकल. देशाचं धोरण इकॉनॉमिक, कमी पेट्रोल खाणारी गाडी इकॉनॉमिकल.

आणि मोठी बहीण म्हणजे बिग किंवा एल्डर सिस्टर. लार्ज म्हटलंत की वय राहतं बाजूला, ऐकणारा तिचा आकार डोळ्यांसमोर आणतो.