ठसा कोणाचा ते मुलांनाच शोधू द्या

पाऊस उघडला की सकाळी लवकर मुलांना घेऊन बांधावर, ओढ्याकाठी नाहीतर सोसायटीच्या मागच्या चिखलात प्राण्या-पक्ष्यांच्या पायांचे ठसे शोधायला जा. ऊन तिरपं असलं की ठशात सावली पडते आणि बोटं नीट दिसतात, दुपारी तोच ठसा सपाट वाटतो.

ठसा सापडला की पोरं लगेच विचारणार, "कोणाचाय?" इथे मोठ्यांनी गप्प बसायचं, प्लीज! आपण "कुत्रा" म्हटलं की विषय संपला, मग कोणी खाली वाकून बघतच नाही.

त्याऐवजी वहीत दोन रकाने करा, "काय दिसतंय" आणि "काय वाटतंय". चार बोटं, पुढे नखांच्या खुणा, लांबी ६ सेंमी (पट्टी शेजारी ठेवून फोटोही काढा), हे पहिल्यात. "कुत्रा असेल" हे दुसऱ्यात. लहान मुलं पहिल्याच रकान्यात "कुत्र्याचा पाय" लिहितात, तेव्हा फक्त विचारा, कुत्रा दिसला का तुला?

आता अंदाज तपासायचा. मांजर चालताना नखं आत ओढून घेते म्हणून तिच्या ठशात ती सहसा नसतात, ठसाही गोलसर असतो, आणि मागचा पाय बहुतेक पुढच्याच ठशावर पडतो. मुंगसाला पाच बोटं. मग विचारा, मांजर असेल तर पुढे काय सापडायला हवं, आणि काय सापडलं तर आपला अंदाज चुकला म्हणायचं? हा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो अजिबात सोडू नका. घसरड्या चिखलात मांजरही नखं काढते, म्हणून एका ठशावर निकाल द्यायचा नाही, पुढचे पाच-सहा तरी बघायचे.

घरी करायचा प्रयोग म्हणजे ओळखीच्या एकाच कुत्र्याला कोरड्या वाळूवरून आणि मग ओल्या मातीवरून चालवा आणि दोन्ही ठसे मोजा, माप वेगळं येतं. आपल्याकडे वाघांची मोजणी कित्येक वर्षं पंजाच्या ठशांवरूनच व्हायची, त्यात हीच अडचण होती, २००६ पासून देशभरच्या मोजणीत कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आले. मुलांना हे प्रयोगानंतर सांगा, आधी नको.

रात्री दोन मोठ्या ट्रेमध्ये चाळलेली माती किंचित ओली करून सपाट पसरा, एकात थोडं खाणं ठेवा, दुसऱ्यात काहीच नाही, बाकी सगळं सारखं. नुसता खाण्याचाच ट्रे ठेवला आणि त्यात ठसे आले, तर ते खाण्यामुळे आले का हे दुसऱ्या ट्रेशिवाय कळणार कसं? दोन-चार रात्री करा, आणि ट्रेची जागा अदलाबदल करून पण बघा.

जुन्नरसारख्या बिबट्याच्या भागात राहत असाल तर मोठा, बिननखांचा ठसा दिसल्यावर माग काढत जायचं नाही, मुलांना घेऊन परत फिरायचं आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवायचं.

अगदी लहान मुलं असतील तर पक्ष्यांपासून सुरू करा. चिमणी टुणटुण उड्या मारते म्हणून तिचे ठसे जोडीजोडीने पडतात, साळुंकी बहुतेक वेळा चालते म्हणून एकाआड एक. आधी ठसे बघून पोरांनी सांगायचं कोण आलं होतं, मग लांब बसून वाट बघायची की खरंच कोण येतंय.