वायफायवरचा पोटभाडेकरू

सोलापुरात राहून आयटीत काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग पुण्याला कधी?" मी गेलो नाही. होटगी रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात आम्ही टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात माझे अडीच दिवस एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीत गेले. तुम्ही नुकतेच कॉलेजातून बाहेर पडला असाल तर ही गोष्ट तुमच्याही वाट्याला येणार, म्हणून लिहून ठेवतोय.

काम साधं होतं. माझ्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आभासी कॉम्प्युटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात उबुंटू सर्व्हर ही लिनक्स सिस्टीम, त्यावर आमचं ॲप. ते ऑफिसातल्या टॅबलेटवर, म्हणजे टॅबवर, उघडून दाखवायचं, बस. घरी मी ब्रिज्ड मोड लावला होता, म्हणजे आतलं मशीन नेटवर्कवर वेगळा कॉम्प्युटर म्हणून उभं राहतं, आणि राउटरने मशीनला निमूट आयपी पत्ता दिला होता. ऑफिसात तेच मशीन सुरू केलं, तर पत्ताच नाही. (मशीनमध्ये विंडोज असतं तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता. त्याचा अर्थही तोच: मागितलं, पण कुणी दिलं नाही.)

मग मी नवखा माणूस करतो ते सगळं केलं. ॲडॉप्टरचा प्रकार बदलला, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) नवा काढला, उबुंटू दोनदा पुन्हा टाकलं. हाताने पत्ता घालून पाहिला, गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या दाराला, पिंग ("आहेस का?" अशी हाक) जाईना. शेजारचा सिनिअर दुपारपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "काय करलालास बे? सकाळपासून तेच बटण दाबलालास. पॅकेट कुठं अडलंय ते बघितलास का?"

नव्हतं बघितलं. मशीनच्या आत टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम, लावला. ०८:००:२७ ने सुरू होणाऱ्या मॅकवरून, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने मशीनला दिलेल्या मॅकवरून, पत्ता मागणारी डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटायच्या पद्धतीची) हाक दर थोड्या वेळाने बाहेर जात होती. उत्तर एकही नाही. म्हणजे उबुंटू बिचारं बरोबर होतं, आणि मी त्यालाच दोनदा पुसून टाकलं होतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे कॉलेजात कुणी सांगत नाही. वायफाय म्हणजे वायर नसलेली लॅन (ऑफिसातलं वायरचं नेटवर्क), अशी आपली समजूत असते. तसं नाही. लॅपटॉप ॲक्सेस पॉइंटला (वायफाय देणाऱ्या डब्याला) जोडला जातो तेव्हा तो आपल्या एका मॅकची नोंद करतो, आणि ॲक्सेस पॉइंट त्या नोंदलेल्या मॅकशीच बोलतो. लॅपटॉपकडून जाणाऱ्या नेहमीच्या वायफाय फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या पाकिटावर, तीन मॅक पत्ते असतात: ॲक्सेस पॉइंट, पाठवणारा आणि शेवटी जिथे जायचं ते. "पाठवणारा लॅपटॉप, पण मूळ मजकूर त्याच्या पोटातल्या मशीनचा" असं लिहायला चौथी जागाच नसते. वायरच्या लॅनवर एका पोर्टमागून दोन-तीन मॅक बोलले तरी साधा स्विच (वायरी जोडायचा डबा) हरकत घेत नाही. वायफायवर व्हर्च्युअल मशीन म्हणजे पोटभाडेकरू: राहतो खरा, पण करारावर नाव नाही.

यावर व्हर्च्युअलबॉक्स एक युक्ती करतं. बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर मशीनचा मॅक खोडून लॅपटॉपचा मॅक लिहितं, आणि उत्तर आलं की आयपी बघून आत पोचवतं. घरच्या राउटरला हे चालून गेलं होतं. ऑफिसात का नाही, ते तिसऱ्या दिवशी कळलं, आमचं नेटवर्क बघणारे काका आले तेव्हा. मी त्यांना नुसतं "नेट चालत नाही" म्हटलं नाही. मशीनचा मॅक, लॅपटॉपचा मॅक आणि हाक गेल्याची नेमकी वेळ चिठ्ठीवर लिहून दिली. चिठ्ठी बघून त्यांनी थेट स्विचचा लॉग उघडला. त्यात ओळच होती: पाकिटावर एक मॅक, आतल्या अर्जात दुसरा, म्हणून टाकून दिलं. डीएचसीपी स्नूपिंग नावाची ही राखण असते. मागणाऱ्याचं नाव बाहेर आणि आत सारखं नसेल तर ती पॅकेट पुढे सोडत नाही. "एमआयडीसीच्या गेटवर एकाच्या पासवर दुसरा आला तर वॉचमन सोडंल का?" काका म्हणाले. राखण बंद करा, असं म्हणायचा धीर मला झाला नाही. ते बरंच झालं.

उपाय नॅट मोडचा, म्हणजे मशीनने लॅपटॉपच्याच पत्त्यावरून बाहेर बोलायचं. पूर्वी पाकिटावर "द्वारा अमुक-तमुक" लिहायचे ना, तसं. बाहेरच्या जगाला फक्त घरमालक दिसतो, टपाल त्याच्या नावावर येतं आणि तो ते आत नेऊन देतो. वायफायला काही आक्षेप उरत नाही. मोड बदलला आणि मिनिटभरात उबुंटूचे अपडेट सुरू झाले.

पण नॅटमध्येही नवखे अडखळतात. मशीनला १०.०.२.१५ आणि गेटवे म्हणून १०.०.२.२ मिळतो. त्या गेटवेला पिंग गेलं म्हणून वायफाय चालू आहे असं धरू नका. ते उत्तर खुद्द व्हर्च्युअलबॉक्स देतं, लॅपटॉपचं वायफाय बंद असलं तरी. दुसरं, दोन मशीन काढली तर दोघांनाही १०.०.२.१५ दिसतो. माझ्यानंतर आलेली मुलगी त्यावरून घाबरून माझ्याकडे आली होती. भांडण नाही ते, प्रत्येकाची खोलीच वेगळी असते. म्हणूनच त्यांना एकमेकांशी बोलताही येत नाही. ते हवं असेल तर नॅट नेटवर्क नावाचा वेगळा पर्याय आहे.

बाहेरून आत यायचं तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) आलेलं मशीनच्या पोर्टकडे वळवणं. वेबपेजसाठी लॅपटॉपचा ८०८० मशीनच्या ८० कडे वळवला, एसएसएचसाठी (दुरून सुरक्षितपणे मशीनवर काम करायची सोय) २२२२ वरून २२. वेबपेज लगेच उघडलं, पण लॅपटॉपवरून डेटाबेस काही लागेना. त्याचा पोर्टही वळवला होता, पण डेटाबेस चालवणारं मायएसक्यूएल फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकत होतं. उबुंटूवर ते मुळात तसंच बसतं. म्हणजे दार बाहेरून उघडलं होतं, पण आतला माणूस फक्त घरातल्यांच्याच हाकेला ओ देत होता. डेटाबेस असा बाहेर काढू नका, एसएसएचच्या बोगद्यातून (त्याच सुरक्षित जोडणीच्या आतून) जा, असं सिनिअरने सुनावलं, आणि ते बरोबर होतं.

लॅनची वायर लावून ब्रिज्ड चालवता येतं, यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर ड्रॉवरमध्ये असावाच. आमच्याकडे मात्र काकांनी वायरच्या पोर्टवरही मॅकची मर्यादा लावली आहे, त्यामुळे आधी त्यांना विचारावं लागतं.

शेवटी टॅब. लॅपटॉपवर पेज उघडतंय, टॅबवर नाही. विंडोज फायरवॉलमध्ये ८०८० ला वाट दिली, तरी नाही. ऑफिसचं वायफाय विंडोजने पब्लिक म्हणून धरलं होतं आणि मी दिलेली वाट फक्त प्रायव्हेटसाठी होती. ते सुधारलं, तरी नाही! संध्याकाळी सहाला टॅब हातात घेऊन वरचं नाव वाचलं, तर तो पाहुण्यांच्या वायफायवर. तिथे एक उपकरण दुसऱ्याला दिसूच नये अशी सोय मुद्दाम केलेली असते. स्टाफच्या वायफायवर घेतला आणि स्क्रीनवर पहिली नोंद आली: जेकार्ड चादर, डबल, चाळीस नग, शिल्लक उणे तीन. नेटवर्क चाललं होतं. आता वजाबाकी बघायची होती.