डिस्ट्रिक्ट बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्याआधी: वाटाघाटींची तयारी

शाळांचे निकाल वर्षानुवर्षं खाली, तिजोरीत खडखडाट, राज्याच्या शिक्षण खात्याकडून शेवटची ताकीद, आणि मग स्कूल बोर्डापुढे, म्हणजे शाळांच्या निवडून आलेल्या मंडळापुढे, प्रस्ताव येतो: अख्ख्या डिस्ट्रिक्टचा, म्हणजे गावातल्या सगळ्या सरकारी शाळांचा, कारभार बाहेरच्या संस्थेला द्या. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांनी हे अनुभवलं आहे. इथल्या स्कूल बोर्डावर तुम्ही निवडून आला असाल, किंवा पालक म्हणून वाटाघाटींच्या समितीवर असाल, तर ही यादी तुमच्यासाठी. कंपनीच्या माणसांशी पहिली बैठक व्हायच्या आत यातलं बहुतेक लिहून तयार असावं.

सुरुवात शेवटापासून करा. करार मोडायचं कलम आधी लिहा, आणि तुमच्या वकिलाकडून लिहून घ्या. कंपनीच्या मसुद्याची वाट बघू नका. बोस्टनच्या शेजारच्या चेल्सी शहराने १९८९ साली आपल्या सगळ्या शाळा बोस्टन विद्यापीठाच्या हाती दिल्या, पण साध्या बहुमताने करार संपवायचा अधिकार तिथल्या शाळा समितीने स्वतःकडे ठेवला. दोनच वर्षांत शहराचं दिवाळं निघायची वेळ आली आणि १९९१ मध्ये राज्याने तिथे रिसिव्हर, म्हणजे शहराचा कारभार हाती घेणारा अधिकारी, नेमला. तरीही हा करार २००८ पर्यंत चालला. माझं स्पष्ट मत आहे की तो इतका टिकला यात त्या सोप्या दाराचा मोठा वाटा होता. समिती कधीही ‘पुरे’ म्हणू शकते हे विद्यापीठाला माहीत होतं, त्यामुळे समितीला धरून चालणं भाग होतं.

कंपनीच निघून गेली तर काय, याचं कलम वेगळं हवं. बोर्ड हे हमखास विसरतात. मिशिगनमधल्या मस्कीगन हाइट्समध्ये २०१२ साली राज्याने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाने सगळ्या शिक्षकांना कमी केलं आणि शाळा मोझायका नावाच्या कंपनीला पाच वर्षांसाठी दिल्या. दोन वर्षांत, २०१४ मध्ये, कंपनी बाहेर पडली, कारण तिला त्यात नफा होत नव्हता. पोरं तीच, इमारती त्याच, आणि पुन्हा नव्याने शोधाशोध. म्हणून लिहून घ्या: शालेय वर्ष चालू असताना जाता येणार नाही, नोटीस किमान इतक्या महिन्यांची, हस्तांतराच्या काळात कोण किती दिवस थांबेल, आणि हे पाळलं नाही तर कुठली अनामत जप्त होईल. सोबत वस्तूंची यादी जोडा. फिलाडेल्फियात २००२ साली शाळा उघडायला थोडे दिवस उरले असताना शाळा चालवणाऱ्या एडिसन कंपनीने शाळांत आधीच पोचवलेली पुस्तकं, संगणक आणि वाद्यं ट्रक पाठवून परत नेली, कारण तेव्हा कंपनी पैशांच्या चणचणीत होती. पुस्तक, लॅपटॉप, मुलांच्या नोंदींचा डेटा, शिक्षकांनी बनवलेले पाठ या प्रत्येकापुढे मालक कोण ते लिहा. डेटा कुठल्या फाइल-प्रकारात आणि किती दिवसांत परत मिळेल हेही लिहा, नाहीतर तो कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडतो आणि नव्या माणसाला मुलांची हजेरीसुद्धा सापडत नाही.

पैशांच्या बाबतीत एकच गोष्ट घट्ट धरा: बचतीतून मेहनताना हे गोड वाटणारं गणित मान्य करण्याआधी ‘बचत’ कशी मोजायची ते ठरवा. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डने १९९४ साली आपल्या ३२ शाळा एज्युकेशन ऑल्टर्नेटिव्ह्ज या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली दिल्या. अख्खं डिस्ट्रिक्ट खासगी कंपनीकडे जायची देशातली ती पहिली वेळ. खर्चात काटकसर करायची आणि वाचलेल्या पैशात कंपनीचा वाटा, अशी रचना होती. वाचलं किती, देणं किती, यावरून शहर आणि कंपनी भांडत राहिले आणि १९९६ च्या सुरुवातीला सगळं मोडलं. तुमच्या तयारीत मागच्या तीन वर्षांचा खर्च खातेनिहाय हवा: पगार, बस, वीज, दुरुस्ती, विशेष शिक्षण. पटसंख्या कमी झाली म्हणून घटलेला खर्च बचतीत धरायचा नाही, आणि रिकाम्या ठेवलेल्या जागांचा पगारही नाही, हे वाक्य करारात शब्दशः घाला. बिलाचा नमुनाही आधीच ठरवा. ‘व्यवस्थापन सेवा, ऑक्टोबर’ अशी एकच ओळ आणि खाली मोठा आकडा असलेलं बिल बोर्डाने पास करू नये. कुठला माणूस कुठल्या शाळेत किती दिवस होता, त्याने काय केलं, हे बिलातच दिसायला हवं.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट: निर्णय कोणाचा. कोलोराडोमधल्या कॉमर्स सिटीच्या अ‍ॅडम्स १४ या डिस्ट्रिक्टला राज्याच्या शिक्षण मंडळाने २०१८ साली बाहेरचं व्यवस्थापन घ्यायचा आदेश दिला आणि २०१९ मध्ये एमजीटी ही सल्लागार कंपनी आली. पुढे डिस्ट्रिक्टचा नवा सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी, आला आणि कंपनी व तो यांच्यापैकी कोण कोणाला विचारून काम करणार यावरून दोघांत उघड बेबनाव झाला. २०२२ मध्ये कंपनी मुदतीआधीच गेली. कागदावर ‘व्यवस्थापनाचे अधिकार’ असा मोघम शब्द असला की असंच होतं. म्हणून एक मोठा तक्ता करा आणि त्यात रोजचे, अगदी साधे निर्णय मांडा. तिसरीचं वाचनाचं पुस्तक बदलायचंय, शेवटची सही कोणाची? मुख्याध्यापक नेमायचा, काढायचा? बर्फ पडलं तर शाळा बंद ठेवायचा फोन कोण करणार? शाळेची इमारत विकायची तर? पोलिसांना शाळेत कोण बोलावू शकतं? प्रत्येक ओळीपुढे एकच नाव लिहा. दोन नावं लिहावीशी वाटली तर त्या ओळीवर पुन्हा बोला, कारण तिथेच भांडण होणार आहे. आणि सुपरिंटेंडंट बदलला तरी हा तक्ता नव्या माणसावर बंधनकारक राहील, असं करारात लिहा.

विशेष शिक्षणाचं वेगळं पान काढा. अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण देण्याची केंद्रीय कायद्याने घातलेली जबाबदारी कंपनीला नेमून डिस्ट्रिक्टच्या डोक्यावरून उतरत नाही. बाल्टिमोरमध्ये १९९२ नंतर एज्युकेशन ऑल्टर्नेटिव्ह्ज याच कंपनीने नऊ शाळा चालवल्या तेव्हा विशेष वर्गांतल्या मुलांना सर्वसाधारण वर्गांत हलवण्यावरून आणि जुन्या मदतनीस बायांच्या जागी कमी पगाराचे तरुण नेमण्यावरून मोठा गदारोळ झाला. पैसा वाचवायची पहिली नजर नेहमी इथेच जाते, आणि ज्या मुलाला बोलताच येत नाही ते तक्रारही करू शकत नाही. आयईपीतला, म्हणजे त्या मुलासाठी लिहिलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेतला, एकही तास पालकांच्या बैठकीशिवाय कमी होणार नाही, हे कलम सोडून वाटाघाटींतून उठू नका. इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठीही असंच कलम हवं.

यश मोजणारा तिसरा असावा. बाल्टिमोरमध्ये कंपनीने जाहीर केलेले गुण चुकीचे निघाले होते, आणि नंतर मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने केलेल्या मूल्यमापनात जास्त पैसा जाऊनही निकालांत फरक आढळला नाही. फिलाडेल्फियातल्या खासगी व्यवस्थापनाखालच्या शाळांबद्दल रँड या संशोधन संस्थेच्या २००७ च्या अभ्यासानेही जवळपास हेच सांगितलं. नुसते परीक्षेचे गुण धरू नका. हजेरी, शिक्षकांची गळती, निलंबनं, रिकाम्या जागा या चार आकड्यांवरून शाळेत काय चाललंय ते परीक्षेच्या बरंच आधी कळतं. आणि सल्ला देणाराच पुढे कंत्राट घेणार नाही अशी अट घाला. फिलाडेल्फियात राज्याने एडिसनलाच २७ लाख डॉलर देऊन अभ्यास करायला सांगितलं होतं आणि त्या अहवालात खासगी व्यवस्थापनाचीच शिफारस निघाली.

अधिकार परत कधी मिळणार, याची तारीख हवी. इंडियानातल्या गॅरीमध्ये राज्याने २०१७ साली डिस्ट्रिक्ट ताब्यात घेतलं, निवडून आलेलं बोर्ड नंतर नुसतं सल्लागार उरलं, आणि स्थानिक ताबा परतला तो जुलै २०२४ मध्ये. पहिलीत असलेलं मूल तोवर आठवीच्या उंबरठ्यावर आलं. तुमच्या करारात टप्पे असू द्या: दुसऱ्या वर्षी बजेट, तिसऱ्या वर्षी नेमणुका, असं एकेक खातं परत.

शिक्षक संघटनेशी आधी बोला, कराराआधी. आणि पालकांना विचारा, त्यांच्या भाषेत. चेल्सीत लॅटिनो पालकांचा मुख्य रोष हाच होता की आमच्या मुलांबद्दल ठरतंय आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही. दुभाषा, मुलं सांभाळायची सोय आणि संध्याकाळची वेळ या तीन गोष्टी असल्या की माणसं येतात. कंपनीच्या बैठका आणि कागदपत्रं सार्वजनिक संस्थेइतकीच खुली राहतील, हेही लेखी घ्या.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळा ५ किंवा १० वर्षांसाठी दत्तक द्यायची योजना आणली. तिथे कारभार हाती जात नाही, देणगीदार मदत करतो. तरीही आलेल्या वस्तू कुणाच्या आणि मुदत संपल्यावर देखभाल कोण करणार, हे दोन प्रश्न गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने जरूर विचारावेत.

राहिली बैठक. समितीत तुमचा स्वतःचा हिशेबनीस आणि शाळांच्या करारांत मुरलेला वकील हवा. कंपनी दोन्ही घेऊन येतेच. अंतिम मसुदा मतदानाच्या तीन आठवडे आधी लोकांपुढे ठेवा. मतदानाच्या रात्री प्रत्येक सदस्याकडे छापील प्रत असू द्या, बदललेली वाक्यं ठळक केलेली. आणि बैठक चालू असताना नवं पान आलं, तर मत पुढच्या बैठकीत.