एक्झॉस्ट बदलताना ट्रॅक-डेच्या गाडीत या चुका टाळा

ट्रॅक-डे म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस; त्याआधी गाडीचा आवाज तपासतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील गाळ्यासमोर मी स्वतः आवाज मोजलेली होंडा सिटी ९७ डेसिबलवर थांबली होती आणि आयोजकांची मर्यादा १०० ची असल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. सुमारे हजार किलोमीटर गाडी चालवून कोइंबतूरकडच्या ट्रॅकवर गेल्यावर तपासणीत त्याच गाडीने १०३ चा आकडा दाखवला आणि सकाळचे पहिले सत्र आम्ही पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, बसून काढले. गाडीत काहीही बिघडलेले नव्हते. मी आवाज मोजणारा मीटर एक्झॉस्टच्या नळीच्या तोंडापासून एक मीटरवर धरला होता आणि परीक्षकाने तो अर्ध्या मीटरवर धरला, मोठा फरक हाच होता. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, हे मला पाठ होते. मोजताना मात्र सुचले नाही.

मर्यादेचा आकडा वाचणे, पण मोजण्याची पद्धत न वाचणे

डेसिबलचा आकडा अंतरावाचून निरर्थक असतो. ब्रिटनमधील अनेक ट्रॅकवर उभ्या गाडीची चाचणी होते, ज्यात मीटर नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात धरतात आणि इंजिन कमाल शक्तीच्या आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) तीन-चतुर्थांशावर ठेवतात. तेथे १०५ डेसिबल ही परिचित मर्यादा आहे. जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या जुन्या, लांब ट्रॅकवर सर्वसामान्य चालकांसाठी उभ्या गाडीची मर्यादा ९५ आहे. अमेरिकेतील लगुना सेका येथे बहुतेक दिवशी ९० ते ९२ चा आकडा असतो, पण तो ट्रॅकच्या कडेला ५० फुटांवर, धावत्या गाडीचा असतो. ‘तिकडे १०५ चालते, इकडे ९० सुद्धा चालत नाही’ अशी तुलना त्यामुळे फसवी ठरते. धावती गाडी पूर्ण लोडवर असते, तर उभ्या गाडीच्या इंजिनावर लोडच नसतो. म्हणून एका चाचणीत सहज निघालेली गाडी दुसरीत अडकू शकते.

सिटीच्या दीड लिटर आय-व्हीटेक इंजिनाची कमाल शक्ती ६६०० आरपीएमला मिळते, म्हणजे चाचणी ४९५० ला होणार. गाळ्यात आम्ही सरासरी ४००० वर मोजले, ही दुसरी चूक. पत्र्याच्या शेडखाली किंवा भिंतीलगत मोजले तर आवाज परतून आकडा उलट वाढतो, आणि मग चांगला मफलर (नळीवरचा आवाज दाबणारा डबा) विनाकारण बदलला जातो. मोबाइलवरील ॲपचा उपयोग आधीचा-नंतरचा फरक पाहण्यापुरताच करावा, कारण एवढ्या मोठ्या आवाजात फोनचा माइक अनेकदा दबून जातो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. कॅलिब्रेटरने तपासलेला मीटर एका दिवसासाठी मागून आणणे केव्हाही स्वस्त पडते.

आवाज म्हणजे ताकद असे मानणे

आपल्याकडे ‘नाद खुळा’ हे कौतुक आहे, पण नळीचा नाद आणि चाकावरची शक्ती यांचा संबंध लोक समजतात तेवढा नसतो. टर्बो (जळक्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनात अति जाड नळी घातली की वायूचा वेग पडतो, एका सिलिंडरच्या धक्क्याने दुसऱ्याचा जळका वायू ओढला जाण्याची क्रिया मंदावते आणि खालच्या आरपीएमला पिकअप जातो. गाडी ओरडते, पण वळणातून बाहेर पडताना मागे राहते. यावरून ‘बॅकप्रेशर हवेच’, म्हणजे वायूला मागे रेटणारा दाब हवाच, असा जो निष्कर्ष काढला जातो, तोही चुकीचा आहे. हवा असतो तो वेग, अडथळा नव्हे. टर्बोच्या गाडीचे गणित वेगळे असते. टर्बोच्या पंख्यानंतर, म्हणजे टर्बाइननंतर, मार्ग जितका मोकळा तितके बरे, आणि टर्बाइन स्वतःच बराच आवाज खाते, म्हणून पोलो टीएसआयसारखी गाडी मोठ्या नळीनेही मर्यादेत राहू शकते.

घुमणाऱ्या आवाजावर मोठा मफलर लादणे

हायवेवर २८०० ते ३००० आरपीएमला डोके उठवणारी घुमघुम ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १००. मीटर ज्या ‘ए’ मापनावर चालतो, ते १०० हर्ट्झचा आवाज जवळपास १९ डेसिबलने कमी धरते. त्यामुळे ही घुमघुम माणसाला छळते, पण मीटरवर फारशी दिसत नाही. ट्रॅकवर नापास करतो तो फाटलेला, कर्कश, उंच आवाज. दोन्हींवर औषध वेगळे आहे. कर्कशपणासाठी भोकांच्या नळीभोवती काचतंतूंसारखी लोकर भरलेला मफलर चालतो. घुमघुमीसाठी मुख्य नळीला एका टोकाने बंद असलेली आडवी नळी जोडावी लागते. तिची लांबी ध्वनीच्या वेगाला वारंवारतेच्या चौपटीने भागून येते. आडव्या नळीतील वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला, तर १०० हर्ट्झसाठी ती बरोबर एक मीटर भरते. वायूचे तापमान बदलले की हा वेगही बदलतो, म्हणून नळी थोडी लांब ठेवून, चालवून पाहून कापणे शहाणपणाचे.

वेल्डिंग कोणाकडून करून घ्यावे

येथे कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. दूध आणि साखरेच्या कारखान्यांसाठी स्टेनलेसच्या नळ्या जोडणारे कारागीर येथे आहेत, आणि त्यांना वेल्डिंग करताना नळीच्या आतून आर्गन वायू सोडण्याची सवय असते. हे न केल्यास सांध्याच्या आतल्या बाजूस काळपट, साखरेच्या खड्यांसारखा खरबरीत थर येतो, जो वायूला अडवतो आणि पुढे तेथूनच तडा जातो. आमच्या सिटीचे पहिले काम सायलेन्सर दुरुस्त करणाऱ्याकडे झाले होते; कापून पाहिल्यावर आत बोट फिरवले तर सालपट निघाले.

तापमानाने होणारी वाढ विसरणे ही दुसरी चूक. ३०४ स्टेनलेसची एक मीटर नळी ५०० अंशांनी तापली की साडेआठ मिलिमीटर वाढते, तर साधे लोखंड सहा. दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली नळी ही वाढ कोठे नेणार? ती मॅनिफोल्डच्या (इंजिनातून जळका वायू गोळा करणाऱ्या भागाच्या) जोडपट्टीलाच, म्हणजे फ्लँजलाच, तोडते. म्हणून इंजिनानंतर जाळीचा लवचीक तुकडा आणि मागे रबरी हँगर हवेतच. पहिल्या सत्रानंतर, गाडी थंड झाल्यावर, सर्व नट एकदा तपासावेत.

चेक लाइट आली की सेन्सर बदलणे

जळक्या वायूतील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधीच्या सांध्यात बारीक गळती असली, तर दोन धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी वाटते, गाडीचा संगणक पेट्रोल वाढवतो आणि पेट्रोलचा वास सुटतो. नवा सेन्सर घालूनही दोष तसाच राहतो. थंड इंजिन सुरू करताच ‘टिक-टिक’ येऊन गरम झाल्यावर ती बंद होत असेल, तर मॅनिफोल्डचे गास्केट पाहावे. खात्रीसाठी इंजिन थंड व बंद असताना मागच्या नळीत व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे जागा दाखवतात. संगणकाने दाखवलेला पी०४२० हा दोषाचा कोड मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबाबत (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भागाबाबत) असतो, आणि तो काढून टाकलेल्या गाडीत आला तर आश्चर्य वाटायला नको.

कन्व्हर्टर काढू नये, हे मी स्पष्टच सांगतो. आवाज तर वाढतोच, पण क्रमांकाची पाटी असलेली गाडी रस्त्यावर बेकायदा ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली ध्वनी आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता येते. ट्रॅकवर पास झाल्याची चिठ्ठी रस्त्यावरच्या पोलिसाला दाखवून काही होत नाही. निव्वळ ट्रॅकसाठी केलेली गाडी ट्रेलरवरून न्यावी.

एका बोल्टवर अडकवलेला डीबी किलर, म्हणजे आवाज कमी करण्यासाठी नळीच्या तोंडात घालायचा तुकडा, तिसऱ्या-चौथ्या फेरीत सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जाऊ शकतो. बोल्ट सुटू नये म्हणून बांधायची तार (लॉकवायर) बांधल्याशिवाय तो वापरू नये. मफलरमधील लोकरही कायमची नसते. ती जळून उडत जाते आणि मागच्या मोसमात पास झालेली गाडी या मोसमात दोन-तीन डेसिबलने चढते, म्हणून नवा मफलर घेताना झाकण रिवेट काढून उघडता येते का, हे आधी विचारावे.

आणि मूळ सायलेन्सर विकू नये. त्यासोबतच्या कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियममुळे भंगारवाला हसत पैसे मोजतो. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी आली की तोच भाग नवा घ्यायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, आणि किंमत ऐकून त्यांचा चेहराही.